येळवसेची तपासणी

दिवा जरा इकडं ओढा आणि पाय वर घेऊन बसा, म्हणजे मला नीट सांगता येईल. गोष्ट मेलेल्या माणसाची आहे हे आधीच सांगून टाकतो, उगीच मागाहून कुणी माझ्या नावानं बोंब मारू नये. पण आहे भर दुपारची, आणि तिच्यात पोटभर डाळी-पालेभाज्यांची भज्जी आणि ताकातली अंबीलही आहे. तेव्हा ऐकायला काही हरकत नाही.

नलिनीबाई म्हणजे बीदरच्या निवृत्त हेडमास्तरीण. घरी कुणालाच आवरत नाहीत अशी चौदा-पंधरा वर्षांची पोरं जिथं ठेवून घेतात, त्यांच्याशी बोलून, त्यांच्या कलानं घेऊन त्यांना पुन्हा माणसांत आणायची खटपट करतात, अशा निवासी केंद्रांवर देखरेख ठेवणारी एक समिती असते. त्या समितीवर नलिनीबाई होत्या. मन्नाएखेळ्ळीच्या पुढं, हमरस्ता सोडून आत माळावर असंच एक केंद्र होतं. त्याची परवानगी पुढं चालू ठेवायची की नाही याचा अहवाल येळवसेच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. बाकीच्या दोघा सभासदांनी घरी बसूनच सह्या ठोकल्या होत्या. राहिल्या होत्या एकट्या नलिनीबाई.

त्यांनी सकाळी पर्स उचलली, तेव्हा गुंडेराव, म्हणजे त्यांचे यजमान, पेपर खाली ठेवून बघतच राहिले.

"अगं, आज येळवस आहे. आज गावात कुत्रं तरी सापडेल का? सगळी दुनिया शेतात जाऊन जेवायली, आणि तू तपासणीला निघालीस!"

"म्हणूनच निघाले," नलिनीबाई म्हणाल्या. "आठ दिवस आधी पत्र पाठवून गेलं की काय दिसतं, ते एकदा बघितलंय मी."

गुंडेरावांनी पेपर पुन्हा उचलला. पर्सच्या आतल्या कप्प्यात काय आहे, ते त्यांना ठाऊक होतं.

त्या कप्प्यात एक चिठ्ठी होती. तीन वर्षांखाली त्याच माळावर, त्याच इमारतीत दुसऱ्याच लोकांचं केंद्र होतं. नलिनीबाई पत्र देऊन, वेळ ठरवून गेल्या. रांगोळी, हार, इस्त्रीचे कपडे घातलेली पोरं, सगळं झकास. कार्यालयात बसल्या असताना स्वैपाकघराच्या दारातून एक हात पुढं आला, चहाचा ग्लास धरलेला. मनगटावर हिरवं गोंदण, त्यात एक वाकडी तुळस. ग्लासाखाली घडी घातलेला कागद होता. बाईंना वाटलं, चटका लागू नये म्हणून दिलाय. त्यांनी तो तसाच पर्समध्ये टाकला, 'सर्व ठीक' असं लिहून सही केली आणि घरी आल्या. कागद उघडला आठव्या दिवशी. मोडक्यातोडक्या अक्षरात लिहिलं होतं: 'मागची खोली उघडायला सांगा. लिंगम्मा, सैपाकीन.'

तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. मागच्या खोलीत माउली नावाचा सोळा वर्षांचा पोरगा कोंडलेला होता. बाई सही करून गेल्या त्याच संध्याकाळी कुणीतरी वरवंट्यानं कुलूप फोडून त्याला बाहेर काढलं, बोभाटा झाला आणि केंद्राला टाळं लागलं. पोरगा वाचला. पण नलिनीबाईंच्या मनातून ती सही गेली नाही. बाईनं लिहून हातात दिलं आणि आपण वाचलं नाही, हे त्यांना रात्री झोपू द्यायचं नाही. लिंगम्माचं पुढं काय झालं, हे विचारायची हिंमतही त्यांना झाली नाही. आता त्या इमारतीत श्रीलक्ष्मी नावाच्या डॉक्टरीणबाईनं नव्यानं केंद्र मांडलं होतं. लोक चांगलं म्हणत होते. पण लोक तेव्हाही चांगलंच म्हणत होते! पुन्हा चुकीची सही झाली तर आपण स्वतःला तोंड दाखवू शकणार नाही, एवढं बाईंना पक्कं माहीत होतं.

शेजारच्या तिप्पण्णाची बोलेरो सांगितली होती. तिप्पण्णा गाडी हाकत होता, पण जीव त्याचा सासरवाडीच्या शेतात.

"बाई, भज्जी निवायली असंल बघा तिकडं," तो दर पाच मैलांनी म्हणायचा.

"गरम करून खा."

"येळवसेची भज्जी गरम करून खातेत का कुठं!"

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दुकानांच्या फळ्या लावलेल्या, पानटपऱ्या बंद, वेशीतल्या कट्ट्यावर एक म्हातारासुद्धा नाही. सगळी गावं शेतात गेली होती. ज्वारी छातीएवढी उभी, तिच्या मधोमध कडब्याच्या पेंढ्या टेकवून कोप उभे केलेले, त्यात पांडव म्हणून पुजलेले, चुन्यानं रंगवलेले दगड, आणि चहूकडून धूर, लसणाच्या फोडणीचा वास, माणसांचा कालवा. दर बांधावरून कुणीतरी गाडीला हात करायचं, 'या जेवायला' म्हणून. आज वाटेनं जाणाऱ्याला उपाशी जाऊ द्यायचं नाही, अशी इकडची रीतच आहे.

माळावर गाडी थांबली तर शेजारच्या शेतातून दोघंजण धावतच आले आणि तिप्पण्णाचा एकेक हात धरून घेऊनच गेले. तो सुटायची धडपड करत होता, पण तोंडभर हसत. बाई एकट्याच फाटकातून आत शिरल्या.

लाल जांभ्या दगडाची, पत्र्याची लांबलचक इमारत. पूर्वी बियाणांचं गोदाम होतं ते. ऊन डोक्यावर आलेलं. शेतातला कालवा इथं आला की विरून जात होता, आणि पत्रा तेवढा तडतडत होता. दोरीवर पोरांच्या चड्ड्या-बनियनी वाळत होत्या. बाईंना अचानक मानेवर गार वाटलं.

"कुणी आहे का?"

मग आतून वरवंट्याची खरखर ऐकू आली. थांबली.

दार उघडंच होतं. उंबऱ्यात एक म्हातारी उभी होती. इरकली लुगडं, कपाळाला ईबत्तीचे पांढरे पट्टे, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतलेला.

"बर्री अक्का, बर्री, आत या," ती म्हणाली. "वाट बघायले मी."

"मी तर कुणाला सांगून आले नाही."

"त्याचीच वाट बघायले."

नलिनीबाईंना हसू आलं. स्वैपाकीण दिसते, आणि तोंडानं फटकळ दिसते. अशी बाई मिळाली की तपासणी सोपी जाते. त्यांनी ओळखपत्र काढलं, म्हातारीनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती वळून चालायला लागली. आत ओल्या राखेचा आणि चुन्याचा वास होता.

"पोरं कुठं आहेत?"

"रानात हायत, जेवायला. आदी घर बघा. मागनं पोरं बघा."

आणि तिनं घर दाखवायला सुरुवात केली. काय सांगू तुम्हाला! नलिनीबाईंनी पस्तीस वर्षं शाळेत वह्या तपासल्या, पण असली तपासणी त्यांनी जन्मात केली नव्हती.

"वरनं काय बघायलाव? गादीखाली बघा."

बाईंनी गादी उचलली. गादीखाली ढेकूण नव्हता, सिनेमाच्या नट्यांचे दोन फोटो मात्र होते. बाईंनी गादी गुमान खाली ठेवली.

"औषधाचं कपाट बघा. शिशीवरली तारीख वाचा की, नुसतं हुं-हुं कामून करायलाव? संडासाची कडी आतनं हाय का बघा. बाहेरनं असंल तर मला सांगा." ती बाहेरच उभी राहून खेकसली. "तक्रारीची पेटी उघडा. तुमच्याजवळ किल्ली न्हाई? मग कसली तुमी तपासनीस!"

"किल्ली आहे," नलिनीबाई शाळकरी पोरीसारख्या म्हणाल्या आणि पर्समध्ये शोधायला लागल्या. पेटीत सात चिठ्ठ्या निघाल्या. दोघींना वरण पातळ लागत होतं. एकाला हलगी शिकायची होती आणि माउलीदादा फक्त मोठ्यांनाच शिकवतो, अशी रीतसर तक्रार होती. एकानं 'श्रीलक्ष्मीअक्का मला रागावली मग सॉरी म्हणाली' एवढंच लिहून ठेवलं होतं. बाईंचा ऊर हलका होत चालला. कोंडलेली, भेदरलेली पोरं वरणाबद्दल लिहीत नाहीत. इथं सही करायला काय हरकत आहे? त्यांनी चष्मा काढून पुसला आणि चष्म्याचं घर खिडकीत ठेवलं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात यायला लागली. म्हातारी कुठल्याच दाराला हात लावत नव्हती. ती दारापाशी पोचायची आणि दार उघडं असायचं. वाऱ्यानं म्हणावं तर बाहेर दोरीवरची बनियन हलत नव्हती.

"ह्या घरात किल्ल्या लागत नाहीत वाटतं?" बाईंनी हळूच विचारलं.

"मी हाय तवर न्हाई लागत," ती म्हणाली.

स्वैपाकघर ओलांडून त्या मागच्या बोळात आल्या. इथं खिडकी नव्हती. बाहेर टळटळीत दुपार आणि इथं तिन्हीसांजेसारखा अंधार. राखेचा वास वाढला. बोळाच्या टोकाला एक दार होतं, बंद. आख्ख्या घरातलं एकमेव बंद दार. नलिनीबाईंचे पाय तिथंच खिळले. ही ती खोली... त्यांनी कधी बघितली नव्हती, पण तीन वर्षं रोज रात्री बघत होत्या.

म्हातारी दारापाशी जाऊन उभी राहिली. दार उघडलं नाही.

"मागल्या खेपेला हितवर आला न्हाईत तुमी," ती म्हणाली. आवाज आता खाली आला होता. "चहा पिऊन गेलात."

"तुम्ही... तुम्ही होतात तेव्हा इथं?"

म्हातारीनं पदरातून हात काढला आणि पुढं केला. हातात चहाचा ग्लास होता, वाफा निघत असलेला. चूल तर विझलेली होती... येताना त्यांनी स्वतः बघितली होती. ग्लास धरलेल्या मनगटावर हिरवं गोंदण होतं, आणि त्यात वाकडी तुळस.

"लिंगम्मा..."

"चिठ्ठी वाचली का?"

"वाचली..." नलिनीबाईंना रडू फुटलं. त्यांनी कप्प्यातला कागद काढून दाखवला. "उशिरा वाचली हो... फार उशिरा... मला माफ करा."

लिंगम्मानं कागदाकडं खूप वेळ बघितलं.

"जपून ठेवलात," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या मग. रडू नका. चहा निवायलाय, प्या. आन् प्याल्यावर हे बघा."

बाईंनी चहा प्यायला. आल्याचा, दाट, गोड चहा. असा चहा पुन्हा कधी मिळाला नाही, असं त्या अजून सांगतात. मग त्यांनी मोबाइलचा दिवा लावून दारावर धरला. जुनं लाकूड, जुना रंग, आणि त्याच्यावर बाहेरच्या अंगानं बसवलेला एक कोरा करकरीत लोखंडी अडसर. स्क्रूसुद्धा चमकत होते. खाली फरशीवर लाकडाचा भुसा अजून पडलेला होता.

"चार दिस झाले. बाकी समदी दारं ऐकतेत माझं, ही ऐकत न्हाई. लाथा घालघालून दमले मी." लिंगम्मा दाराला पाठ टेकून उभी होती, आणि तिच्यातून अडसर दिसत होता... "जित्या माणसाच्या हाताचं काम हाय हे, अक्का. काढून टाका."

"कुणी बसवला?"

"मी कुणाचं नाव घेत न्हाई. जावा रानात. जो पोरगा जेवणार न्हाई, त्याच्याशेजारी बसा."

मोबाइलचा दिवा विझला. बाईंनी पुन्हा लावला तेव्हा बोळात त्या एकट्या होत्या. मागचं दार उघडं होतं आणि त्यातून शेतातला कालवा एकदम आत आला. कुणीतरी हलगी वाजवत होतं.

नलिनीबाई धावल्या, असं म्हणायला हरकत नाही. बासष्टाव्या वर्षी, नऊवारीत नसल्या तरी चांगल्या साडीत, त्या हरभऱ्यातून पळत सुटल्या आणि कोपापाशी येऊन धापा टाकत उभ्या राहिल्या. श्रीलक्ष्मी, सावळी, पस्तिशीची बाई, हाताला भज्जी लागलेली, चटकन उठली. चौदा पोरांची पंगत बसली होती. पोरांना हलगी शिकवणारा, एकोणीस-वीस वर्षांचा एक उंच पोरगा शेकोटीवर हलगी शेकत मधूनच वाजवून बघत होता.

"अहो मॅडम! आज? बसा, आधी पाणी घ्या," श्रीलक्ष्मी म्हणाली. "कळवलं असतंत तर कुणीतरी थांबलं असतं. घर दाखवायला तर हवं ना, कुलूप लावून आलोय सगळे."

"कुलूप?"

श्रीलक्ष्मीनं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा वाजवून दाखवला. "पुढचं दार, मागचं दार. सकाळी आठपासून."

त्यांच्या जिभेवर अजून आल्याची चव होती. त्यांनी पंगतीवरून नजर फिरवली. पोरं नुसती तुटून पडली होती. स्नेहा नावाची एक दोन वेण्यांची पोरगी सगळ्यांना बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे वाढत होती आणि वाढता वाढता प्रत्येकाच्या पाठीत एकेक धपाटा घालत होती. आणि टोकाला एक बारकेला पोरगा बसला होता. पत्रावळीवर सगळं वाढलेलं, घास एकही मोडलेला नाही. बाई जाऊन त्याच्याशेजारी मांडी घालून बसल्या.

"नाव काय रे तुझं?"

"सोनू."

"कामून जेवत नाहीस?"

त्यानं एक उंडा उचलून नुसताच हातात धरला. बाईंनी त्याच्याकडं बघितलं नाही, कुणीतरी पुढं ठेवलेली अंबील ओरपली. मग त्याला एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मागच्या खोलीचा नवा अडसर बघून आले मी."

सोनूच्या हातातला उंडा खाली पडला. आणि मग ते पोरगं जे भडाभडा बोलायला लागलं! पंधरा दिवसांखाली तो इथून निसटून गाणगापूरला गेला होता. त्याची आई दर पुनवेला तिथं येते, तिला बघायचं होतं. भेटलीही. श्रीलक्ष्मीअक्का स्वतः जाऊन घेऊन आली, एक शब्द बोलली नाही. पण रखवालदार हावगेप्पामामानं चार दिवसांखाली त्याला ती खोली दाखवली होती, अडसर लावून आणि काढून. 'पुन्हा पळालास तर,' एवढंच म्हणाला होता.

"तेव्हापास्नं जेवण जात न्हाई," सोनू म्हणाला.

नलिनीबाई उठल्या. "हावगेप्पा कोण?"

अंबिलीचं मडकं घेऊन उभा असलेला धिप्पाड मिश्यावाला माणूस जागीच दचकला. श्रीलक्ष्मीनं सगळं ऐकलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"मामा, अडसर? आपल्या घरात? मला न विचारता?"

"कुणाला कोंडलं न्हाई हो, देवाशपथ," हावगेप्पा काकुळतीला आला. "पोरगं पळालं, मला वाटलं माझी रखवाली फुकट गेली. नुसतं भ्या घातलं. आमच्या आप्पानं मला असंच भ्या घालून वाढवला..." आणि मग त्याचं त्यालाच काय वाटलं कोण जाणे, मडकं खाली ठेवून तो मटकन बांधावर बसला. "पण अक्का, हे तुमाला कुणी सांगितलं? घर तर बंद हाय."

नलिनीबाईंनी खोटं बोलायचा विचार केला होता. पण शाळेत आयुष्य गेलेलं, जमेना.

"लिंगम्मानं," त्या म्हणाल्या.

हलगी थांबली. शेकोटीजवळचा उंच पोरगा उठून पुढं आला. तोच माउली, हे बाईंनी कुणी न सांगता ओळखलं.

"लिंगम्माआज्जी?" टिपरी त्याच्या हातात तशीच होती. "बाई, ती वारली की. माझं कुलूप फोडलं म्हणून कामावरनं काढली तिला. भावाकडं राहायची, मी जायचो भेटायला. मागल्या वर्साच्या आदल्या वर्सी तापानं गेली. श्रीलक्ष्मीअक्कानं घर चालू केलेलं तिनं बघितलंसुदा न्हाई."

"बघितलंय," नलिनीबाई म्हणाल्या. "गादीखालीसुद्धा बघितलंय तिनं."

मग स्नेहानं हातातली परात आपटली.

"मी सांगत नव्हते? मी सांगत नव्हते, न्हाणीची कडी आपोआप निघते म्हणून? सगळी मला येडी म्हणायलेत!"

"माझं पांघरूण कोण घालतंय मग रोज?" दुसरा ओरडला.

"मला तर लई शिव्या देतीया, कन्नडमधनं!"

आणि बघता बघता चौदाच्या चौदा पोरं एकदम बोलायला लागली, कुणाला काय काय झालं ते सांगायला लागली, एकमेकांच्या अंगावर पडून हसायला लागली. भ्यायचं सोडून हसत होती हो! माउली रडत होता आणि हसतही होता. हावगेप्पा मात्र कानशिलं धरून बसला होता, कारण लाथांचा आवाज चार रात्री त्यालाही येत होता आणि तो घुशी आहेत म्हणून समजत होता.

दिवस मावळायला लागला तशी पोरांनी येळवसेच्या रीतीनं कडब्याचा पेटता हेंडगा घेऊन शेताला फेरी मारली, आरडाओरडा करत. फेरी संपली ती थेट घराच्या दारात. कुलूप जसंच्या तसं होतं. श्रीलक्ष्मीनं ते काढलं आणि सगळे आत गेले. खिडकीत नलिनीबाईंच्या चष्म्याचं घर होतं. बोळात, फरशीवर, चहाचा रिकामा ग्लास होता. श्रीलक्ष्मीनं तो उचलला, वास घेतला, आणि बाईंकडं बघून पदरानं पुसून फळीवर ठेवला.

हावगेप्पानं पेचकस आणून पुढं केला. बाईंनी तो सोनूच्या हातात दिला, आणि त्याच्या हातावर आपला हात ठेवला. एकेक स्क्रू फिरायला लागला. चौथा निघाला, अडसर खण्णकन फरशीवर पडला, आणि दार कुणी न ढकलता आपल्या आपण सताड उघडलं. आतून थंड, राखेच्या वासाचा वारा सगळ्यांच्या तोंडावर आला. कुणीतरी किंचाळलं, माउलीनं हलगीवर टिपरी हाणली, आणि त्या बोळात जो काही नाच सुरू झाला! श्रीलक्ष्मी नाचली, हावगेप्पा नाचला, आणि जिल्ह्याच्या तपासणी समितीच्या माननीय सभासद नलिनीबाई सोनूचा हात धरून नाचल्या. मग सोनू म्हणाला, "भूक लागली."

बाईंनी तिथंच, शिळी भज्जी खाणाऱ्या पोराशेजारी बसून अहवाल लिहिला. अडसराचं लिहिलं, कुणी बसवला ते लिहिलं, कुणी काढला तेही लिहिलं. दर महिन्याला न सांगता येईन, असं लिहिलं. परवानगी द्यावी म्हणून लिहिलं आणि सही केली. अडसर त्यांनी पर्समध्ये टाकला.

त्या रात्री नलिनीबाई गाढ झोपल्या, गुंडेरावांना काळजी वाटावी इतक्या गाढ.

सकाळी सातला फोन वाजला. दुसऱ्या तालुक्यात असंच एक मोठं, नावाजलेलं केंद्र होतं. तिथली तपासणी आठ दिवसांनी ठरलेली होती आणि कार्यालयातून पत्रही गेलेलं होतं. फोनवर तिथले व्यवस्थापक होते. आवाज दबलेला.

"मॅडम, तपासणी पुढल्या आठवड्यात होती ना? मग काल संध्याकाळीच तुमच्या बाई कशा आल्या?"

"कोणत्या बाई?"

"त्या... इरकली नेसलेल्या, म्हाताऱ्या. फाटक बंद होतं, आत कशा आल्या कळलं नाही. सगळ्या गाद्या उलथ्या केल्या त्यांनी. ओळखपत्र मागितलं तर म्हणाल्या, अक्का मागनं यायलीय. आणि टेबलावर एक कागद ठेवून गेल्या. जुना आहे, घड्या पडलेला..."

नलिनीबाईंनी पर्स ओढली आणि आतला कप्पा उघडला. अडसर होता. चिठ्ठी नव्हती.

"मॅडम..." पलीकडं कागदाची घडी उलगडल्याचा आवाज आला. "आमच्याकडं मागं खोली आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

बाईंनी फोन ठेवला. पायात चपला सरकवल्या, पर्स काखेला मारली आणि खिडकीतून खाली हाक दिली.

"तिप्पण्णा! गाडी काढ. आत्ताच!"

"काढतो की बाई," खालून तिप्पण्णा म्हणाला, जरा चाचरत. "पण ह्या मागल्या शिटावर चहाचा ग्लास कुणी ठेवलाय? गरम हाय अजून..."